सुलभाचा फोन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — कोण जाणे. सांगते, झालं.

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. वसई पूर्वेला आमची चार मजली बिल्डिंग, आणि अख्ख्या बिल्डिंगीत फोन एकट्या आमच्याकडे. त्यामुळे सगळ्यांच्या अर्जांवर आमचाच नंबर, पुढे ‘पीपी’ — म्हणजे फोन शेजारचा, निरोप पोचेल. जिन्यात उभं राहून ‘काकू, फोन आलाय’ ओरडण्यात माझं कॉलेज संपलं. मला त्याचा तोराही होता, खोटं कशाला बोलू?

खाली सुलभा राहायची. माझ्याच वर्गातली. टायपिंग माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. पण तिच्या वडिलांचं एक अंग लुळं पडलेलं, आई दिवसभर कामावर. दुपारी त्यांना भरवायला तिला घरी यावंच लागायचं. मुंबईची नोकरी तिला जमणारच नव्हती. म्हणून तिने एकच अर्ज केला — गोखिवऱ्याच्या एका कारखान्यातल्या ऑफिसात. घरापासून सायकलवर दहा मिनिटं.

मीही केला तिथे अर्ज. का? तिला सोबत म्हणून. आणि निवड झाली माझी. ती दुसऱ्या नंबरावर.

त्याच महिन्यात मला अंधेरीहून बोलावणं आलं, फोर्टातूनही आलं. तीन-तीन नोकऱ्या — बाबा बिल्डिंगभर सांगत सुटले. मी तिन्हीकडे ‘येते’ म्हणून ठोकून दिलं. गोखिवऱ्याला मला जायचंच नव्हतं हो. पण फोर्टाचं पक्कं पत्र हातात पडेपर्यंत ती जागा सोडवेना. घराजवळची आहे, असू दे हाताशी — एवढंच.

मग एका सकाळी फोन वाजला. गोखिवऱ्याचे साहेब होते. ‘तुमच्या शेजारच्या सुलभाताईंना निरोप द्याल? आमच्या यादीतली पहिली मुलगी नुसतीच येते-येते करतेय. यांना म्हणावं, उद्या दहाला या, जागा तुमची.’ दोन्ही अर्जांवर नंबर एकच, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

ती पहिली मुलगी — मी.

खालून सुलभाचा आवाज येत होता. ‘अजून एकच घास, बाबा.’ मला फक्त एक हाक मारायची होती. रोज मारायचे तशी.

मी म्हटलं, ‘तिला दुसरीकडे लागली नोकरी.’

ती नाही म्हटल्यावर ते माझ्यासाठी थांबतील, असं वाटलं मला. इतका थंडपणा माझ्यात कुठून आला? आवाजसुद्धा कापला नाही माझा.

चार दिवसांनी फोर्टाचं पत्र आलं. गोखिवऱ्याला मी गेलेच नाही; ती जागा तिसऱ्याच कुणाला तरी मिळाली, माझ्यामुळे.

सुलभा रोज संध्याकाळी वर यायची. ‘माझा फोन नाही ना गं आला?’ मी मान हलवायचे. दोन आठवड्यांनी तिने विचारणं सोडलं. मी कामावर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी मात्र आली — नवीकोरी पर्स घेऊन. नोकरीसाठी म्हणून तिने स्टेशनजवळून घेतलेली. ‘तू वापर. मला कुठे जायचंय?’

ती पर्स मी तीन वर्षं वापरली. लाज वाटायची, तरी वापरली.

तिला नोकरी अशी मिळालीच नाही. वडील बारा वर्षं अंथरुणावर होते. ती अजून खालीच राहते, मुलांच्या शिकवण्या घेते. परवा मी माहेरी गेले होते, तेव्हा वर येऊन माझ्या मुलीला कौतुकाने सांगत होती, ‘तुझ्या आईने किती वर्षं आमचे फोन घेतले, कधी कंटाळा केला नाही.’ मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेले.

आला होता, सुलभा. फोन आला होता तुझा.