माती, मेण की कागद

हनीफभाई गेल्याची बातमी मला कुणी कळवली नाही. माझीच गरज होती म्हणून मी फोन केला, तेव्हा ती कळली. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कसलंसं घरटं लटकलं होतं. सवयीनं त्यांचा नंबर लावला आणि पलीकडून त्यांच्या बायकोचा, नसीमभाभींचा आवाज आला. मी नेहमीसारखी घाईत बोलत सुटले, "भाभी, जरा हनीफभाईंना द्या, खिडकीत पुन्हा उपद्व्याप झालाय." त्या म्हणाल्या, "ताई... ते तर मागच्या शुक्रवारी गेले. दुकानात बसल्या बसल्या छातीत दुखलं, दवाखान्यात नेईस्तोवर संपलं सगळं." फोन ठेवून ओट्याला टेकून उभी राहिले. पासष्टी ओलांडल्यावर अशा बातम्यांनी धक्का बसत नाही, नुसता थकवा येतो. पण ही बातमी वेगळी होती. या माणसाला मला एक गोष्ट सांगायची होती. पाच वर्षं मी ती आज सांगू, उद्या सांगू करत राहिले होते.

हनीफभाईंचं गुलमंडीच्या बाजारात मच्छरदाण्या शिवायचं छोटं दुकान. माणूस सडपातळ, बोलणं हळू, नाकावर जाड चष्मा. गांधीलमाश्या आणि मधमाश्यांचं ज्ञान दुकानातलं नव्हे, ते कन्नड तालुक्यातलं. त्यांचं गाव तिकडे घाटाच्या अंगाला. लहानपणी मेंढरं चारणाऱ्या एका म्हाताऱ्या धनगराबरोबर डोंगरात हिंडून ते हे सगळं शिकले. शहरात येऊन पोट मच्छरदाण्यांवर भरलं, पण कुणाच्या दारात पोळं लागलं की निरोप हनीफभाईंना जायचा. ते पैसे घेत नसत. फार आग्रह झालाच तर चहा, तोही बिनसाखरेचा.

आमच्या चिकलठाण्याच्या वसाहतीत ते पहिल्यांदा आले ते पाण्याच्या टाकीखाली आग्यामोहोळ लागलं तेव्हा. चांगलं सुपाएवढं काळं मोहोळ. वसाहतीतले कर्ते पुरुष जमले होते आणि लांब बांबूला चिंध्या गुंडाळून टेंभा पेटवायचं ठरत होतं. मोहोळ उठवणं हे आपल्याकडे नुसतं बोलायला असतं, ही मंडळी खरंच उठवायला निघाली होती. हनीफभाईंनी खाली उभं राहून वर पाहिलं आणि म्हणाले, "जाळू नका. ह्या खवळल्या तर अर्धा फर्लांग पाठ सोडत नाय. पाहुण्या हायत, फुलोरा सरला की आपल्या पायानं जातील. तवर हितली वाट बंद करा." स्वतःच एक सुतळी आणून त्यांनी दोन खांबांना बांधली. दुपारी तिकडे फिरकायचं नाही, दगड मारायचा नाही, अत्तर लावून जायचं नाही, आणि एखादी अंगावर आलीच तर हात झाडायचे नाहीत, मुकाट चालत घरात जाऊन दार लावून घ्यायचं. इतकं सांगून ते शहर बसनं परत गेले. माश्या खरंच दोन महिन्यांनी निघून गेल्या. टेंभेवाले नंतर कित्येक दिवस त्या सुतळीचं श्रेय स्वतःकडे घेत होते, ते सोडा.

त्यांची एक पद्धत होती. फोन केला की ते आधी एकच विचारायचे, "माती, मेण की कागद?" म्हणजे घरटं कशाचं आहे. मातीचं असेल तर ती कुंभारीण माशी. ती एकटी राहते, भांडत नाही, घर रिकामं झालं की उलथन्यानं खरवडून टाकायचं. मेणाचं असेल तर मधमाशी. तिला आपण हातसुद्धा लावायचा नाही, जाणकारानं बघायचं. आणि कागदाचं असेल, करड्या पुठ्ठ्यासारखं, तर ती गांधील. "गांधील वाटेवर नसंल तर राहू द्या, अळ्या खाती, झाडाला बरी. दारावरच असंल तर मी येतो, पण येणार सकाळी, उन्हाच्या आदी. गारठ्यात तिला उडता येत नाय." या तीन शब्दांवर त्यांचं सगळं चालायचं. कुठल्या वेळी यायचं, हातमोजे घ्यायचे की नुसतं उलथनं, जाळीची टोपी घालायची की नाही, हे समोरच्याच्या एका शब्दावर ठरायचं. आणि समोरच्यानं सांगितलेला शब्द ते खरा मानायचे.

आता सांगायलाच हवं. पाच वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या तोंडाशी माझ्या धाकटीची सोयरीक जमत होती. मुलाकडची मंडळी संध्याकाळी पाचला पहिल्यांदा घरी यायची होती. दुपारी तोरण बांधायला गेले तर दारावरच्या छज्ज्याभोवती गांधीलमाश्या घुटमळताना दिसल्या. घरटं छज्ज्याच्या वर, भिंतीच्या कोपऱ्यात होतं. ते खालून दिसत नव्हतं, फक्त आमच्या जिन्याच्या खिडकीतून दिसायचं. मी वर जाऊन पाहिलं. रस्त्याच्या कामाची धूळ बसून ते मातकट झालं होतं, पण त्यावर सहा-सात पिवळ्या माश्या बसल्या होत्या. कुंभारीण एकटी असते हे मला हनीफभाईंनीच शिकवलं होतं. फोन लावला. त्यांनी विचारलं, "माती, मेण की कागद?" कागद म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, उद्या सकाळी येतो, आज पाहुण्यांना मागच्या दारानं घ्या. होणाऱ्या व्याह्यांना पहिल्याच दिवशी मोरीशेजारच्या दारातून घरात घ्यायचं? माझ्यातल्या आईला ते पटेना. मी म्हणाले, "माती."

ते तीन वाजता आले, पिशवीत फक्त एक उलथनं. तेव्हा नेमकी एकही माशी बाहेर घुटमळत नव्हती. स्टुलावर चढले आणि छज्ज्याच्या काठावरून चाचपत हात आत घातला. "अंदाजानं निघंल," एवढं म्हणाले आणि त्यांचा चेहरा बदलला. पण त्यांनी ना हात झाडले, ना उडी मारली. "ताई, तुम्ही आत व्हा, दार लोटा," हे आधी म्हणाले. मग हळूहळू उतरले आणि माझ्यामागून आत येऊन खुर्चीत बसले. हातावर, मानेवर डंख होते. आयुष्यात त्यांनी असे पुष्कळ सोसले होते, पण या वेळी ओठ सुजायला लागले. मग म्हणाले, "ताई, जीभ जड झाली... दवाखाना गाठा." रिक्षात त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी त्यांचं मनगट धरून बसले होते. वेळेवर इंजेक्शन मिळालं म्हणून वाचले. डॉक्टरांनी बजावलं की शरीर आता बिथरलंय, यापुढे एक डंखही चालणार नाही. त्या दिवसानंतर हनीफभाई पुन्हा कुणाच्या स्टुलावर चढले नाहीत, काय करायचं ते नुसतं फोनवरून सांगायचे. विचारलं तर सांगायचे, वय झालं. पंचावन्नही पुरी नव्हती. आणि इकडे व्याही मंडळींना माझ्या लेकीनं मागच्याच दारानं आत घेतलं होतं. त्यांनी त्याचं काही मानलं नाही, सोयरीक जमली. ज्याच्यासाठी खोटं बोलले त्याला काडीचं महत्त्व नव्हतं.

ते बरे झाल्यावर मी धाकटीसाठी मच्छरदाणी घ्यायच्या निमित्तानं गुलमंडीत गेले. सगळं सांगून टाकायचं ठरवून गेले होते. दुकानात गिऱ्हाईक होतं, मग दुसरं आलं, मग मलाच उशीर व्हायला लागला. निमित्तं काय, मागाल तितकी मिळतात. निघताना त्यांनी एक गुंडाळी हातात ठेवली. सुती टोपीला चारी बाजूंनी मच्छरदाणीची जाळी शिवलेली होती, खाली गळ्याशी नाडी. "तुमच्यासाठी शिवली. घालून जवळ जाऊन बघत जा, ताई. मग सांगा." मी बापडी समजले, भेट दिली. घरी आणून दारामागे छत्र्यांच्या खिळ्याला अडकवली.

परवा नसीमभाभींना भेटायला गेले. तीन आठवडे होऊन गेले होते. आतल्या खोलीत आम्ही दोघीच होतो. मी त्यांना सांगितलं. घरटं कागदाचं होतं, मला माहीत होतं, तरी मी माती म्हणाले. तुमच्या माणसाचं काम माझ्यामुळे सुटलं. पाच वर्षं जड झालेली ती चार वाक्यं बोलायला एक मिनिटही लागलं नाही. भाभी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"त्यांना ठाऊक होतं, ताई. त्याच दिवशी घरी येऊन बोलले. मी लई चिडले. म्हटलं, जाऊन विचारा तरी. तर म्हणे, जाने दो, लेकीच्या सोयरिकीचं टेन्शन होतं त्यांना. मी बी चढायच्या आदी जिन्याच्या खिडकीतनं बघायला पायजे होतं."

"मला कधी बोलले नाहीत."

"नाय बोलणार. पण एक झालं... त्या दिवसापासनं कुणाचा फोन आला तर माती, मेण, कागद विचारायचं त्यांनी सोडलं. फोटो भेजो म्हणायचे."

मला ते माहीत होतं. गेली काही वर्षं मीही त्यांना फोटोच पाठवत होते, आणि एकदा फोनवर चिडवलंही होतं की हनीफभाई, तुम्ही आता मॉडर्न झालात. ते हसले होते. कशाला हसले ते मला परवा त्या खोलीत कळलं. माझ्यावर रागावले असते तर सोसलं असतं. त्यांनी जगाच्या शब्दावर विश्वास ठेवणं सोडलं, आणि ज्या बाईमुळे सोडलं तिच्याशी मात्र पहिल्यासारखंच बोलत राहिले. मी खूप रडले. भाभींनी मला पाणी दिलं, आणि दुःख त्यांचं असताना मीच ते प्याले.

आज सकाळी उन्हं यायच्या आधी मी खिळ्यावरची टोपी काढली. पाच वर्षांची धूळ झटकली. घातली, गळ्याशी नाडी बांधली, लांब बाह्यांचा सदरा चढवला आणि मागच्या अंगणातून फिरून खिडकीच्या बाजूला गेले. चार हातांवर थांबले. जाळीतून सगळं थोडं धूसर दिसतं, पण नीट पाहिलं तर पुरेसं दिसतं. लहानसं घरटं होतं, एका देठावर लटकलेलं. करडं, पुठ्ठ्यासारखं, खालून उघड्या खोल्या, त्यावर चार गारठलेल्या पिवळ्या माश्या. तिथून कुणाची वाट जात नाही. खिडकी हिवाळाभर बंद ठेवली तरी चालण्यासारखी आहे. घरट्याला हात लावायचं कारण नव्हतं.

फोटो काढला नाही, पाठवायचा तरी कुणाला... मी तशीच टोपी घालून थोडा वेळ उभी राहिले.

"कागद आहे, हनीफभाई," मी म्हणाले.