मॉनिटरखालचा प्रबंध

माझ्या टेबलाखाली एक खोका आहे. छापताना बिघडलेले कागद मी त्यात टाकतो, आणि महिनाभरात तो आपोआप भरतो. सरांचे किस्से तसेच साठत गेले. मुद्दाम गोळा केलेला एकही नाही.

सांगलीत कॉलेजच्या फाटकासमोर आमचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. मी मूळचा पाटणकडचा, नववीत शाळा सुटली. पण गेली सहा वर्षं मराठी विभागातले पीएचडीचे प्रबंध मीच टाईप करतो. त्यामुळं सरांच्या हाताखालचा प्रत्येक प्रबंध पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला माणूस एकच आहे, आणि तो विभागात नोकरीला नाही.

सर म्हणजे विभागप्रमुख. विद्यार्थी घडवतात, असं ते स्वतःच सांगतात.

*

सरांनी एकदा वर्गात शिकवायच्या नोट्स टाईप करायला दिल्या. जुनी वही, पानं तंबाखूच्या रंगाची. त्यात कंसात सूचना होत्या. ‘इथे चष्मा काढणे.’ ‘इथे खिडकीबाहेर पाहणे.’ एका ठिकाणी विनोद होता, आणि त्याच्यापुढं ‘इथे विद्यार्थी हसतील.’ मी इमानदारीनं सगळं टाईप केलं.

त्याची एक प्रत मुलांकडं कशी गेली ते मला माहीत नाही, असं मी तेव्हाही म्हणालो होतो. पुढच्या तासाला सर विनोदाच्या एक ओळ अलीकडं असतानाच अख्खा वर्ग हसला.

सर दुकानात आले. “सोमनाथ, तो विनोद काढून टाक.”

काढला. पुढच्या वर्षी नवीन मुलं बरोबर त्याच जागी हसली. जुनी प्रत वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडं पोचली होती.

*

प्रबंधातलं एक पान मात्र सर नक्की वाचतात. ऋणनिर्देश. त्यात आपल्याविषयी काय लिहिलंय ते हातात लाल पेन घेऊन तपासतात. “‘मार्गदर्शक’च्या आधी जागा रिकामी वाटते,” म्हणतात. मग विद्यार्थी माझ्याकडं येतो आणि आम्ही तिथं ‘ज्ञानतपस्वी’ टाकतो.

रोज नवीन कुठून आणायचं? मी एक तयार पान करून ठेवलं. घाईत असलेल्या एका मुलानं ते सोडून मागच्या वर्षी प्रबंध दिलेल्या एका बाईंचंच पान उचललं, खाली नाव तेवढं बदललं. त्या पानावर सरांनंतर ‘माझ्या बाळंतपणात खंबीर राहिलेल्या सासूबाई’ होत्या. सरांचा परिच्छेद पहिला होता, त्यामुळं सही लगेच झाली. मुलगा आता डॉक्टर आहे. लग्न व्हायचं आहे.

मायाक्काचा ऋणनिर्देश मात्र चार ओळींचा होता. मायाक्का दुष्काळी जतकडची, मेंढपाळाच्या घरातली. मेंढपाळांच्या बोलीवर तिनं पाच वर्षं काम केलं होतं. वडिलांचं नाव पहिलं होतं, कारण निम्मे शब्द त्यांनीच दिले होते. सरांचं शेवटी.

सर म्हणाले, “थोडं कोरडं वाटतंय.”

“सर, जतचं हाय. कोरडंच असणार,” मायाक्का म्हणाली.

सरांनी पेनला टोपण लावलं आणि म्हणाले, “ठेव. सावकाश वाचतो.” तिच्या नोंदणीला दोनदा मुदतवाढ मिळाली होती, तिसरी मिळणार नव्हती. मुदतीत सही झाली नाही तर पाच वर्षांचं काम रद्द. हे सरांना माहीत होतं.

*

मध्येच कॉलेजची तपासणी लागली. प्रत्येक विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक शिक्षक, आणि त्यानं काय मदत केली त्याचा प्रत्येकी एक फॉर्म, असा नियम निघाला. चाळीस फॉर्म एका दुपारी भरायचे होते. सर सांगत होते, मी टाईप करत होतो.

“विद्यार्थ्याची अडचण?”

“लिही, घरची परिस्थिती.”

“केलेला उपाय?”

“धीर दिला.”

दहाव्या फॉर्मनंतर सर चहाला गेले. उरलेल्या तिसांना मीच धीर दिला.

तपासणीच्या दिवशी वर्गात मुलं कमी पडली. सरांनी मला दुकानातून उचलून एम.ए.च्या मागच्या बाकावर बसवलं. मला चारचौघांत बोलताना घाम फुटतो. समितीतल्या एका मॅडमनी नेमकं मलाच उभं केलं. “सरांनी तुमच्यासाठी काय केलं?”

मला एकच उत्तर पाठ होतं. “धीर दिला.”

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. जाताना सरांना म्हणाल्या, “तुमची मुलं कमी बोलतात, पण मनापासून बोलतात.”

*

मायाक्कानं सरांना एकदा गावी नेलं होतं. निदान माणसं बघून तरी वाचावंसं वाटेल, असा तिचा अंदाज. फोटो काढायला मी होतो. तिचे वडील बिराप्पामामा बांधाजवळ वाघर लावत होते. वाघर म्हणजे मेंढ्या आत ठेवायची जाळी.

“आवं सर, तुमच्या हाताखाली किती पोरं हायत?” मामांनी विचारलं.

“आठ संशोधक.” सरांनी छाती थोडी पुढं काढली.

“सांजच्याला एखादं मागं ऱ्हायलं तर कसं वळखता?”

सर हसले. त्यांना वाटलं, गंमत आहे. मामा हसले नाहीत. त्यांच्याकडं शंभरावर मेंढ्या होत्या, आणि ते मोजत नव्हते. तोंडं बघत होते.

एका कोपऱ्यात लहान जाळीत एक मेंढी आणि तिचं कोकरू वेगळं ठेवलं होतं. सरांनी विचारलं, आजारी आहे का?

“न्हाई. पयल्यांदा व्यालीया. पोराला जवळ घेईना, लाथ मारती. मग पोरासंगं कोंडायचं. दुसरीकडं बघायला काय ठेवायचं न्हाई.”

“मग घेते?”

“कवा दुपारभर लागतं, कवा दोन दिस. पर घेती.”

“फारच प्रतीकात्मक,” सर म्हणाले, आणि ताक मागितलं. परतताना गाडीत त्यांनी मायाक्काला दोनदा ‘मंगल’ म्हणून हाक मारली. आमच्या विभागात मंगल नावाची कुणीच नाही.

*

मुदतीला दोन दिवस राहिले तेव्हा मायाक्का मला घेऊन सरांच्या खोलीत गेली. सर नव्हते. टेबलावर कॉम्प्युटर होता. सरांच्या मानेला त्रास होतो म्हणून मॉनिटर उंचावर ठेवला होता, चार प्रबंधांच्या थप्पीवर. खालून दुसरा मायाक्काचा. त्यावर मी लावलेली निळी पट्टी मी लगेच ओळखली.

तिनं हात लावून बघितला. काढला असता तर मॉनिटर पडला असता.

“किती दिवस असंल हितं?” तिनं विचारलं.

मी धुळीवर बोट फिरवलं. मला धीर देता आला नाही. चाळीस फॉर्म भरूनही.

बाहेर येऊन तिनं घरी फोन लावला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बिराप्पामामा जतच्या पहिल्या एसटीनं आले. सर खोलीत होते. मामांनी रामराम घातला. मग मला म्हणाले, “सोमा, ते यंत्र उचल रं.” मी मॉनिटर उचलला, मायाक्कानं प्रबंध काढला, पदरानं पुसला आणि सरांच्या पुढ्यात ठेवला. मामांनी सरांचा मोबाईल आदरानं दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडं दिला. मॉनिटर मी आधीच काखेत धरला होता. आम्ही दोघं बाहेर आलो, मग ते दारात घोंगडं अंथरून आडवे बसले.

“हे काय आहे?” सर म्हणाले.

“काय न्हाई. बसलोय. तुमचं चालू द्या.”

“मला तास आहे.”

“व्हय का.” मामा हलले नाहीत. सरांना त्यांना ओलांडून जाता येईना. वयानं मोठा माणूस, आणि व्हरांड्यात मुलं जमलेली. शिपाई सांगत आला की वर्ग भरलाय. थोड्या वेळानं वर्गातून हसण्याचा आवाज आला. मुलांनी सरांशिवायच नोट्स सुरू केल्या होत्या.

दहा वाजता पान उलटल्याचा पहिला आवाज झाला. मायाक्का व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती, बसायला तयार नव्हती. बारा वाजता सरांनी पाणी मागितलं, मामांनी आपला तांब्या आत सरकवला. दोननंतर पानं भराभर उलटायची थांबली, हळूहळू उलटू लागली. तीनला सरांनी आतून विचारलं, “बिराप्पा, कोकराच्या कानावरच्या खुणेला हा शब्द तुम्हीच दिलात?”

“व्हय. माझ्या आईचा हाय.”

आत पुढचं पान उलटलं.

साडेचारला सरांनी हाक मारली. “सोमनाथ, पान एकशे सेहेचाळीस. एक ओळ दोनदा छापली आहेस.”

मामांनी पाय आखडून वाट दिली, मी धावत आत गेलो. खरंच दोनदा होती. सहा वर्षांत सरांनी दाखवलेली ती माझी पहिली चूक. मला इतका आनंद झाला की मी ती ओळ सरांना मोठ्यानं दोनदा वाचून दाखवली.

सर प्रबंध घेऊन दारापर्यंत आले. सही झाली होती. ऋणनिर्देश तसाच होता, चार ओळी, लाल पेन लागलेलं नव्हतं.

“मायाक्का,” सरांनी हाक मारली.

ती पुढं झाली. मामा उठले, घोंगडं झटकलं, घडी घालून खांद्यावर टाकलं. मग हलक्या आवाजात लेकीला विचारलं,

“घेतलं का गं जवळ?”