बायच्या बोटावरची नाचणी

माझ्या मुलीच्या उष्टावणाचा जो फोटो आमच्या भिंतीवर आहे, तो खोटा आहे. फोटोत मामा चांदीची वाटी धरून बसलाय, मिनूच्या ओठांना खीर लागली आहे, सगळे हसताहेत. पहिला घास मामाने भरवला असं तो फोटो सांगतो. तो भरवला होता बायने, एक महिना आधी, आमच्या कर्जतच्या भाड्याच्या खोलीत, बोटावर घेऊन. हे मला ठाऊक होतं आणि मी ते लपवलं.

बायला वाट बघता येत असे. तिच्याइतकी वाट बघणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. डोंगरालगतच्या वाडीवरून ती टोपली घेऊन भाजी विकायला यायची, ती पुढे मिनूला सांभाळू लागली. माझ्या बायकोची, सुधाची, रजा संपली होती, तिची शाळा खालापूरकडे, माझं ऑफिस नेरळला. सहा महिन्यांचं पोर दिवसभर बायपाशी. दूध पुरेना, तेव्हा एका सकाळी मी मिनूचे गाल दाबून चमचा आत सारायला लागलो. तिने रडून खोली डोक्यावर घेतली. बायने माझ्या हातातला चमचा काढून घेतला.

"तोंडाचं दार आतून उघडतं, भाऊ. भायेरनं ढकलायचं नाय."

"मला उशीर होतोय, बाय."

"तुमी गाडी पकडाया खाता. पोरीला कुटं जायाचंय?"

मग तिने पेजेत करंगळी बुडवली आणि ती मिनूच्या ओठांपासून वीतभर लांब धरून बसून राहिली. मिनू त्या बोटाकडे बघत राहिली. कितीतरी वेळाने तिने तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी बायनेही आपलं तोंड उघडलं. हे तिला कळायचं नाही. प्रत्येक घासाला दोन तोंडं उघडायची, एक बिनदाताचं आणि एक मिश्रीने काळ्या झालेल्या दातांचं. मला हसू यायचं. सुधा तर रविवारी मुद्दाम समोर बसून बघायची.

नाचणी ती आपल्या घरची आणायची. भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, दळून, माझ्या जुन्या धोतराच्या तुकड्यातून गाळायची. भरवण्याआधी मिनूला सांगायची, "ही नाचनी. आपल्या डोंगराची." चार दिवस तीच. मग तांदूळ, तोही चार दिवस. "पोटाला वळख होऊं दे. एकदम चार पावनं आलं तर कुनाला पाट द्यायचा?" मी गूळ घाला म्हटलं तर म्हणायची, "आदी दान्याची चव, मंग गुळाची."

एकदा मी सहज विचारलं, "बाय, तुम्हाला मुलं किती?"

"तीन झाली. येक हाय." एवढं बोलून ती पेज ढवळू लागली.

सातव्या महिन्यात उष्टावण ठरलं. पुण्याहून सासूबाई आणि मेहुणे आले. आल्या आल्या सासूबाईंनी विचारलं, "पोरीच्या ओठाला अजून अन्न लागलं नाही ना? पहिला घास मामाचा." सुधाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "छे, फक्त दूध." वाडीवरच्या बाईने आधीच भरवलंय, हे मला म्हणवेना. आमच्या घरात कुणाच्या तोंडून जात निघत नसे. त्या दिवशी माझ्या त्या खोट्यातून ती निघाली. संध्याकाळी मी बायला सांगितलं, "उद्या सुट्टी घ्या."

तरी ती आली. नवीन दळलेल्या नाचणीचा डबा घेऊन मागच्या दाराशी, धुण्याच्या दगडावर बसली. आत मेहुणे चमचा घेऊन "आ कर, आ कर" म्हणत होते आणि मिनूने ओठ घट्ट मिटले होते. माझी बहीण म्हणाली, "मामाची खीर भाचीला कडू लागतेय वाटतं!" सगळे हसले, मेहुण्यांचा चेहरा पडला. मी मिनूला उचलून, एका वाटीत थोडी खीर घेऊन मागे आलो.

"बाय, एवढं तोंड उघडायला लावा."

तिने मिनूला मांडीवर घेतलं. खिरीत बोट बुडवलं आणि वाट बघितली. दोन तोंडं उघडली. ओठांना खीर लागताच मी मिनूला तिच्या मांडीवरून ओढून आत नेलं, मामाच्या मांडीवर ठेवलं, फोटो निघाला.

"मागे कोण होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"भाजीवाली. दाराशी आली होती."

दार उघडंच होतं. थोड्या वेळाने गेलो तर दगडावर फक्त डबा होता. दुसऱ्या दिवशी बाय आली नाही, नंतरही नाही. सुधाला मी सांगितलं, दुसरं काम मिळालं असेल. वाडी तासाभराच्या चालीवर होती. मी गेलो नाही. डब्यातली नाचणी महिनाभर पुरली. मिनू ती खाताना दाराकडे बघायची.

आता सुधा नाही. मिनू परदेशात आहे, तिला मुलगा झालाय. मी एकटाच जेवतो, आणि खरं सांगायचं तर गाडी पकडायची नसतानाही घाईघाईने जेवतो. मध्यंतरी व्हिडिओ कॉलवर मिनू रडकुंडीला आली होती. बाळ तोंडच उघडेना. मी म्हणून गेलो, "ढकलू नकोस. तोंडाचं दार आतून उघडतं."

"बाबा, हे कुणाचं वाक्य?"

सुधाचं म्हणालो असतो तर खपलं असतं. पण मी सगळं सांगितलं. तिने बाळाचा चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "हे मला काय सांगताय? त्यांना सांगा."

गेल्या रविवारी वाडीवर गेलो. अंगणात चार बायका तांदूळ निवडत होत्या. बाय भिंतीला टेकून बसली होती, अगदी एवढीशी झालेली, एकही दात नाही. सून वाटी घेऊन समोर होती. "खातच नाय," ती म्हणाली. मी नाव सांगितलं. बायने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"पोरगी खाते का रं नीट?"

मी सुनेच्या हातातून वाटी घेतली. पेजच होती. चमचा धरून बसून राहिलो. खूप वेळाने तिने तोंड उघडलं, तेव्हा माझंही उघडलेलं होतं.

"बाय, त्या दिवशी मी तुम्हाला भाजीवाली म्हणालो."

"मंग? भाजी इकतच व्हते मी."

अंगणातल्या बायका बघत होत्या. खोटं मी चारचौघांत बोललो होतो. म्हणून त्यांना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "नाही. माझ्या मुलीला पहिला घास तुम्ही भरवलात. मला त्याची लाज वाटली आणि मी तो चोरला. माझं चुकलं, बाय. मला माफ करा."