पहाटेची हाक

सिंदी रेल्वे या गावच्या बाजारात पुंडलिकरावांचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागच्या घरात देवकाबाईंचं राज्य. बाई वाईट मुळीच नव्हत्या. पानावरच्या माणसाला दोन पोळ्या जास्तीच्या वाढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. म्हणून ब्याण्णव साली नणंद लीलाबाईंनी आपली कुंदा दहावीच्या पेपरांसाठी मामाकडे आणून सोडली, तेव्हा सगळ्यांना बरंच वाटलं. त्यांच्या खेड्यातून वेळेवर बस नव्हती आणि परीक्षेचं केंद्र सिंदीला होतं. देवकाबाईंचा योगेंद्रही त्याच वर्षी दहावीला होता.

जाताना लीलाबाई म्हणाल्या, "वैनी, हिचे बाबा म्हणते, पास झाली तं शिकवू, नाई तं यंदाच उजवून टाकू. पण मले घोर नाई. वर्गात पहिली येते आमची पोरगी."

हे शेवटचं वाक्य देवकाबाईंना झोंबलं. त्यांचा योगेंद्र पहिला यायचा तो फक्त जेवायला.

झोपायच्या वेळी कुंदा म्हणाली, "मामी, योगूदादाले उठवान तवा मले बी हाक मारजा."

"मारीन ना वं."

पहाटे देवकाबाई उठल्या. कुंदा पांघरुणात गुरफटून पडली होती. दमली असेल पोर, झोपू दे, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि योगेंद्रला तेवढं पाय हलवून हळूच उठवलं. पहिल्या दिवशी ती दया होती. दुसऱ्या दिवशी काय होतं, ते देवकाबाईंना त्याच दिवशी कळलं होतं. तरी पेपर संपेपर्यंत त्या तसंच करत राहिल्या. दूध मात्र दोघांना सारखं देत. संध्याकाळी कुंदा पोळ्या लाटायला बसे, तेव्हा त्या "राहू दे वं" म्हणत, पण लाटणं काही तिच्या हातून काढून घेत नसत. हाक का मारली नाही, हे कुंदाने एकदाही विचारलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. योगेंद्र काठावर पास झाला आणि कुंदा गणितात गेली. तिचे वडील तणतणत सिंदीला आले. "इथं अभ्यास करत होती का नाई हे?"

सगळ्यांनी देवकाबाईंकडे पाहिलं. खरं बोलायला एवढी चांगली वेळ पुन्हा आली नसती.

"झोप लय हाये तिले," त्या म्हणाल्या.

दाराशी उभ्या असलेल्या कुंदाने मामीकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. ऑक्टोबरला पुन्हा बसवा, असं पुंडलिकराव परोपरीने सांगत राहिले, पण कुणी ऐकलं नाही. त्या वर्षी तुळशीचं लग्न आटोपलं आणि पाठोपाठ कुंदाचंही आटोपलं.

लग्नात देवकाबाईंनी भाचीला भारीतलं पातळ नेसवलं. मनाची टोचणी पातळाने झाकली जात नाही. पुढे दर मार्चात शेजारी पहाटे दिवा लागला, की त्यांना गुन्हा केल्यासारखं वाटे आणि तो गुन्हाच होता. कुंदा माहेरपणाला आल्यावर मामाकडे आली, की आज सांगून टाकू असं त्या ठरवत आणि तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढून मोकळ्या होत.

दोन हजार नऊ साली कुंदा आपल्या आचलला घेऊन आली. तीही दहावीला होती आणि तिचंही केंद्र सिंदीलाच आलं होतं. "ठेवून घेता ना मामी, पेपर होईपर्यंत?"

देवकाबाईंना भरून आलं. देवाने भरपाईची संधी दिली, असंच त्यांना वाटलं. "हे काय विचारणं झालं? पहाटे मी उठवीन ना तिले," त्या घाईघाईने म्हणाल्या. "एक दिवस चुकणार नाई."

कुंदाने लेकीचे केस कानामागे सारले. "आजीनं हाक नाई मारली, तरी उठून बसजो," ती आचलला म्हणाली. "दुसऱ्याचं घर म्हणून लाजू नको. मी तशीच पडून राहत होती. रोज जागी असाची, हाक येईन म्हणून."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर देवकाबाईंना माफी तरी मागता आली असती.