हरणीच्या पाटीवरची नावं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. दादाला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात, तर बहुधा तुमच्याशीही खोटंच बोलले असते.

माझा थोरला भाऊ शरद बडोद्याच्या मकरपुऱ्यात एका कारखान्यात सुपरवायझर होता. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, राहते हरणीला, विमानतळाजवळ. एअरपोर्टवर इंटरनेट कॅफे काढायची कल्पना माझी. हो, माझीच. दादाकडे जेवताना बोलून गेले — बडोद्याहून इतकी मुलं परदेशी शिकायला निघतात, ऐन वेळी एखादा कागद कमी पडतो, प्रिंट हवी असते, म्हाताऱ्या आईवडिलांना फोनवर फॉर्म भरता येत नाही. चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर, झालं! दादाने हातातला घास तसाच ताटात ठेवला. "वसू, हे आपण करायचं." कारखान्यात त्याचा जीव रमत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पण तो घाईचा माणूस नाही. म्हणाला, आधी शंभर प्रवाशांना विचार, त्यांना हवं असेल तरच पुढे जाऊ. एका शनिवारी सकाळी मी छापलेले फॉर्म घेऊन विमानतळाच्या दाराबाहेर, निरोप द्यायला आलेल्या माणसांत उभी राहिले. किती जणांना विचारलं असेल? नऊ. नऊच्या नऊ जण नको म्हणाले. शेवटच्या काकांनी तर खिशातून मोबाइल काढून माझ्यासमोर धरला — "बेन, बधुं आमां ज छे." सगळं यातच आहे. ते हसले. वाईट नव्हते हो हसले. पण मग त्यांची सून हसली, नातू हसला, आणि मी — जिला शाळेत मुलं टरकतात ती मी — फॉर्म पर्समध्ये कोंबून रिक्षात बसले.

तेव्हाच दादाला फोन करायला काय झालं होतं? चुकली माझी कल्पना, एवढंच तर म्हणायचं होतं.

घरी आले आणि जेवणाच्या टेबलावर बसून शंभर फॉर्म स्वतः भरले. निळ्या पेनाने, काळ्या पेनाने, काही डाव्या हाताने. नावं सुचेनात तेव्हा खाली जाऊन सोसायटीच्या पाटीवरची उतरवून आणली. मधे मधे थोडे 'नको'सुद्धा लिहिले — खरं वाटावं म्हणून. ते 'नको' मला अजून छळतात.

दादा खूश झाला. वहिनी मात्र फॉर्म चाळता चाळता थांबली. "या तुझ्या खालच्या मजल्यावरच्या ना गं?"

"हो," मी म्हटलं, "त्या दिवशी मुंबईला चालल्या होत्या."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मग फॉर्म पुन्हा गठ्ठ्यात सरकवला.

दादाने विमानतळावर जागेसाठी अर्ज केला, आणि मी स्वतःची समजूत घालत राहिले की जागा मिळणारच नाही. विमानतळावर आपल्यासारख्यांना कोण विचारतं? अर्ज नामंजूर होईल, कुणाचंच काही बिघडणार नाही. मी त्या नकाराची वाट पाहत होते. महिने गेले. आणि होकार आला. दादाने पेढ्यांचा पुडा घेऊन दार वाजवलं तेव्हा मी त्यातला पहिला पेढा त्यालाच भरवला.

राजीनामा द्यायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. मागे मशीनचा आवाज होता. "वसू, देऊ ना?"

एवढंच विचारलं त्याने. मी वर्गाच्या दारात उभी होते, मुलं गोंगाट करत होती. मी म्हटलं, "दे."

निरोप समारंभात तो शाल-श्रीफळ घेऊन गुजरातीत बोलला. मारी बेन भणेली छे, म्हणाला, माझी बहीण शिकलेली आहे, तिने सगळी चौकशी केलीय. लोकांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

कॅफे आठ महिने चालला. चालला कसला — उघडा होता. माणसं मोबाइलमध्ये बघत समोरून निघून जायची. कुणी थांबलंच तर चार्जिंगचा पॉइंट विचारायला. दादा इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा, येणाऱ्याला "आवो, आवो" म्हणायचा. पुढे पुढे तेही बंद झालं.

जुन्या कारखान्याने परत घेतलं नाही. दुसरीकडे कंत्राटावर प्रेस मशीनवर लागला. पंधरा वर्षं तो मशीनपाशी फक्त देखरेख करत होता, हात घालायची सवय गेलेली. तिसऱ्या महिन्यात उजव्या हाताची दोन बोटं गेली.

हॉस्पिटलात मी ठरवून गेले होते — आज सांगायचं. बँडेज बांधलेला हात छातीवर ठेवून तो पडला होता. माझा चेहरा पाहून त्यानेच माझी समजूत काढली. "रडू नकोस. तुझा सर्व्हे बरोबर होता वसू. मलाच धंदा जमला नाही."

वहिनी खिडकीजवळ उभी होती. ती वळली नाही. मी म्हणाले, "असं म्हणू नये दादा." आणि त्याच्यासाठी मोसंबी सोलायला घेतली.

त्याला तीन वर्षं झाली. तो आता डाव्या हाताने जेवतो. पाहुण्यांनी विचारलं तर हसून सांगतो, मला माणसं जोडता आली नाहीत. मी शेजारी बसलेली असते.

गेल्या रविवारी त्याची मुलगी प्राची म्हणाली, नोकरी सोडून बेकरी काढायचा विचार आहे. वहिनी उठून आत गेली. दादा म्हणाला, "आत्याला विचार. ती नीट चौकशी करून सांगते."

प्राची माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "बघते."