फुलाबाईच्या चिकूची काठवट

निम्मी वाट सरली तेव्हा रामहरीदाजींनी पोतं उजव्या काखेतून डाव्या काखेत घेतलं, पण रतनच्या हातात काही दिलं नाही. अंथुर्ण्याहून कालव्याच्या कडेकडेनं ती दोघं लासुर्ण्याला, रतनच्या घरी निघाली होती. मघाशी दाजींचा मुलगा लखन मोटरसायकल घेऊन मागून आला होता. "आबा, बसा की. मावशीला पण घेतो मागं," म्हणाला. दाजींनी नुसता हात हलवला. गाडीवर वारं लागतं. वारं लागलं की ओलं लाकूड तडकतं.

"द्या घटकाभर माझ्याकडं," रतन म्हणाली. "नवी नवरीसुदीक कुणी एवढी जपून नेत न्हाय, दाजी."

"नवरीला चीर जात न्हाय."

"आमच्या अक्काला इचारायचं व्हतं मग."

एरवी मेहुणीच्या अशा बोलण्यावर दाजी एकाला दोन ऐकवायचे. आता त्यांनी पुढं पाहिलं आणि चालत राहिले. अक्का म्हणजे फुलाबाई, रतनची थोरली बहीण, दाजींची बायको. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं.

पोत्यात भुसा होता आणि भुश्यात पीठ मळायची एक काठवट. चिकूच्या लाकडाची.

रामहरी जातीचे सुतार. दारं, चौकटी, बाजा करण्यात उमर गेली. लेथवर लाटणी आणि पांगुळगाड्याचे दांडे कातायचे. पुढं स्टील आलं, प्लास्टिक आलं, आणि लेथवर गोणपाट पडलं ते पडलंच. फुलाबाई गेली तेव्हा माणूस रडला नाही. दहाव्याला कावळा शिवेपर्यंत सगळ्यांबरोबर उभा राहिला, घरी येऊन जेवला, ताट धुऊन ठेवलं. बायका म्हणाल्या, दगडाचा हाय. रतनला ते बोलणं टोचलं, पण खरं सांगायचं तर तिलाही त्या दिवशी रडू आलं नव्हतं. हातपाय कुणा दुसऱ्याचेच असल्यासारखे वाटत होते.

न्हाणीच्या सांडपाण्यावर फुलाबाईनं चिकू लावला होता. अवकाळीच्या वादळात तो मुळासकट आडवा झाला. वीटभट्टीवाला टेम्पो घेऊन दारात आला, तेव्हा दाजी खोडावर जाऊन बसले आणि म्हणाले, "फांद्या ने. ह्याला हात लावू नगंस." त्याच दिवशी त्यांनी कापलेल्या तोंडांना शेण लिंपलं. लाकूड आधी तोंडाकडून सुकतं आणि तिथूनच त्याला चीर जाते. मग खोड मधोमध फोडून गाभा काढून टाकला, कारण गाभा राहिला की भांडं हमखास उकलतं. बऱ्याच वर्षांनी लेथवरचं गोणपाट निघालं. ओला चिकू फिरताना पाण्याचे थेंब उडत आणि दाजींचा सदरा पुढून भिजे. काठवटी जाडच ठेवायच्या, बोटभर नाही, दीड बोट. त्या आपल्याच भुश्यात पुरायच्या, वर गोणपाट बांधायचं आणि अंधाऱ्या खोलीत सोडून द्यायच्या. वाळताना त्या वाकड्या होतात, त्यांना होऊ द्यायचं. वजन उतरायचं थांबलं की मग परत लेथवर घेऊन पातळ करायच्या. लेकी, सून, मेहुणी, सगळ्यांना एकेक द्यायची होती. एवढ्या काठवटी एका झाडात निघाल्या.

उन्हाळ्यात सुप्रियानं, लखनच्या बायकोनं, कुरडया घातल्या. सालाबादचं वाळवण. गच्चीवर धोतरं अंथरली होती, गहू पसरला होता, पापड होते. खोली झाडताना तिला भुश्यातल्या काठवटी सापडल्या. हाताला गार लागल्या, कडेला बुरशी दिसली. तिला वाटलं, आबांचं वय झालं, ओल्याच ठेवून विसरले. चांगल्या मनानं तिनं त्या धुऊन पुसून कुरडयांशेजारी मांडल्या. आपल्याकडं ओली वस्तू उन्हातच घालतात. दुपारी गच्चीवर टाक, टाक असे आवाज यायला लागले. ती वर गेली तेव्हा एकेक काठवट तळापर्यंत उघडली होती. एकच वाचली. भुश्याच्या अगदी बुडाशी होती, तिथवर तिचा हात पोचला नव्हता.

सुप्रिया रडली. दाजींनी चिरलेल्या काठवटी उचलून चुलीपाशी नेऊन ठेवल्या आणि सुनेला म्हणाले, "चा टाक." एवढंच.

कालव्याच्या वळणावर म्हसोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे. रतन थांबली, चप्पल काढली, हात जोडले. दाजी पोतं घेऊन तसेच उभे राहिले.

"काय मागितलंस?"

"मागायचं सुचलंच न्हाय," रतन म्हणाली. "नुसतं पाया पडले."

"बरं केलंस."

उसाला पाणी सुटलं होतं. चालता चालता रतननं विचारलं, "घरी का न्हाय ठेवली? सुप्रिया आता हात लावायची न्हाय. बिचारी त्या खोलीत जायलाबी भ्येती."

"तिचं न्हाय गं काय." दाजींनी पोतं सावरून धरलं. "माझाच हात जातो. रोज गोणपाट सोडतो, बघतो. दर येळी वारं लागतं तिला. कळतं मला. तरी सोडतो."

"चिरली का बघाया?"

"चिरली तर काय वाटतंय का, ते बघाया. त्या बाकीच्या गेल्या तवा काय वाटलं न्हाय. फुला गेली तवाबी न्हाय. ही एकच राहिलीय." त्यांचा आवाज सपाट होता, बाजारभाव सांगावा तसा. "हिच्या टायमालाबी काय वाटलं न्हाय तर मग मी काय करू?"

रतननं पोत्याच्या दुसऱ्या टोकाला हात लावला. या वेळी त्यांनी तो लावू दिला.

लासुर्ण्याला घरी आल्यावर तिनं ज्वारीच्या पोत्यांमागची जागा झाडली. तिथं खिडकी नव्हती. दाजींनी पोतं भिंतीपासून थोडं सोडून ठेवलं, वरची गाठ चाचपली आणि मागं सरले. पाणी घेतलं, चहा नको म्हणाले. उंबऱ्यावर चपला घालताना खालीच बघत बोलले.

"रतन, दिवाळीच्या फुडं एकदा बघ. चिरली आसंल तर मला सांगू नगंस. चुलीत घाल. आन् मी इचारलं, कितीबी येळा इचारलं, तरी म्हण, अजून वलीच हाय."