खंडेनवमीचा ऑटोक्लेव्ह

नव्वदच्या दशकात मी बारामतीतल्या एका लहानशा प्रसूतिगृहात नर्स होते. ऑटोक्लेव्ह म्हणजे तरी काय, एक अवाढव्य कुकरच. कात्र्या, चिमटे, हिरवी कापडं दाबाच्या वाफेत निर्जंतुक व्हायची आणि मी काट्याकडे बघत पेंगायचे. तापल्या कापडाच्या त्या ओल्या वासात जगातला सगळा मळ विरघळतोय असं वाटायचं. मला ते काम फार आवडायचं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असे. त्या दिवशी ठरवून ऑपरेशन ठेवत नसत. तरी अडीनडीला असावा म्हणून डॉक्टरबाई सामानाचा एक ड्रम निर्जंतुक करून बंद ठेवायला लावत. त्या वर्षी कामाच्या मावशींना त्या ड्रमची दया आली. "त्या एकट्यानं काय पाप केलंय?" म्हणत त्यांनी तोही उघडला आणि झाडून सगळ्या चिमट्यांना हळदकुंकू लावून वर झेंडू वाहिला. इतकं देखणं दिसत होतं की मी आधी हात जोडले आणि मग कपाळावर हात मारून घेतला.

आणि नेमकी तेव्हाच बावड्याहून जीप आली. पहिलटकरीण, पोटात मूल आडवं, सोबत सासू. सिझर लगेच करायला हवं होतं. शेजारच्या दवाखान्यांत फोन केले, तर तिथंही पूजाच मांडलेली.

आमचा घोळ कळल्यावर सासू म्हणाली, "अवो बाई, देवाचंच कुंकू हाय की. त्यानं काय व्हतंय? करा सुरू."

"तिच्या पोटात ते गेलं तर बाळ हाती येईल आणि आई जाईल," डॉक्टरबाई म्हणाल्या. मावशींनी डोळे पुसत ब्रशनं एकेक चिमटा घासला, आणि ऑटोक्लेव्ह लागला.

मी पहिलटकरणीच्या पोटाला नळकांडं लावून बाळाचे ठोके ऐकत बसले. शेजारच्या खोलीत वाफ सूं सूं करत होती. झेंडूचा वास, डेटॉलचा वास, खिडकीतलं पिवळं ऊन, सगळं एकमेकांत मिसळत गेलं. ठोके पाण्याखालून आल्यासारखे लांबून येत होते. ती मधूनमधून विचारायची, "येतंय का ऐकू?" मी म्हणायचे, "येतंय."

एकदा मला काहीच ऐकू येईना. नळकांडं सरकवलं, श्वास रोखला. काही नाही.

"येतंय का?"

"येतंय की," मी हसून म्हणाले. इतकी मी आयुष्यात घाबरले नव्हते. त्यानंतर तिनं विचारणं थांबवलं. मला वाटलं, तिला पटलं.

ड्रम आला. पुढचं धुक्यातलं आठवतं. निळसर पोरगी, तिला चोळणारे डॉक्टरबाईंचे हात, आणि बऱ्याच वेळानं एक बारीक, चिडका टाहो. बाहेर मावशींनी हंबरडाच फोडला, आनंदानं.

टाके काढले तेव्हा जखम कोरडी, स्वच्छ होती. पोरीला दुपट्यात गुंडाळून निघताना ती माझ्याजवळ थांबली.

"सिस्टर, तवा तुमाला ऐकू येत नव्हतं, व्हय ना? तुमचा हात गार पडला हुता माझ्या पोटावर."

"मग पुन्हा विचारलं का नाहीस?"

"तुमी लईच भ्याला हुता," ती म्हणाली. "म्हनलं, आता ह्यांना नगं तरास द्यायला."